मेकॅनिकलमधलं संशोधन, धातूपासून माणसाच्या चालीपर्यंत: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सांगली, मिरज, इस्लामपूर, कराड, सातारा या पट्ट्यातले मेकॅनिकलचे विद्यार्थी आणि त्यांचे पालक एम.टेक. आणि पीएच.डी.बद्दल जे विचारतात, ते इथं एकत्र केलं आहे. काही उत्तरं लांब झाली आहेत, कारण तिथं सांगण्यासारखं खूप आहे. माझं मत जिथं आहे तिथं ते मत म्हणूनच वाचावं.

मेकॅनिकल म्हणजे इंजिन, लेथ, पंप. त्यात माणसाचं चालणं कुठून आलं?

ते सुरुवातीपासूनच होतं. १८६०च्या दशकात झुरिकमध्ये हर्मान फॉन मेयर या शरीररचनाशास्त्रज्ञांनी मांडीच्या हाडाच्या वरच्या टोकाचा उभा छेद अभ्यासला होता. आतलं जाळीदार हाड कसंही पसरलेलं नव्हतं, त्याच्या रेघा ठरावीक वळणं घेत जात होत्या. कार्ल कुलमान या इंजिनिअरनं ती चित्रं पाहिली. क्रेनच्या वाकलेल्या दांड्यात ताण आणि दाब कुठल्या रेषांनी जातो, हे तो कागदावर काढत असे. हाडातल्या रेघा त्याच्या आकृतीशी जुळल्या. पुढं १८९२ मध्ये युलियस वोल्फ यांनी मांडलं की हाड आपल्यावर येणाऱ्या भाराप्रमाणं स्वतःची घडण बदलतं. तपशिलावर नंतर बरेच आक्षेप आले, पण भार बदलला की हाड बदलतं हे आज सगळे मानतात.

आता हिशेब बघा. आपण एका पायावर उभे राहतो तेव्हा शरीराचं वजन खुब्याच्या आतल्या बाजूला पडतं आणि त्याला तोलणारा स्नायू बाहेरच्या बाजूला असतो. स्नायूचा भुज वजनाच्या भुजापेक्षा बराच आखूड, म्हणून त्याला वजनापेक्षा बरंच जास्त ओढावं लागतं. ती सगळी ओढ शेवटी सांध्यावरच येते. साधं चालताना खुब्यावर शरीराच्या वजनाच्या सुमारे अडीच पट भार येतो, तो यामुळं. हे पहिल्या वर्षाच्या इंजिनिअरिंग मेकॅनिक्समधलं मोमेंटचं गणित आहे.

म्हणून मटेरियल आणि मानवी हालचाल हे दोन वेगळे विषय आहेत असं मी मानत नाही. भार किती, किती वेळा, आणि तो सोसणारी वस्तू कशाची, हे तीन प्रश्न शाफ्टलाही विचारायचे आणि गुडघ्यालाही.

मटेरियलमध्ये संशोधन करतात म्हणजे नेमकं काय करतात?

आपल्या भागातलंच उदाहरण घेतो. साखर कारखान्याच्या मिलचा रोलर शाफ्ट ऐन हंगामात मोडतो. गाळप थांबतं, ट्रॅक्टर-ट्रॉल्यांची रांग रस्त्यावर येते, आणि सगळ्यांचं पहिलं वाक्य असतं, "मटेरियल हलकं दिलं."

मोडलेला तुकडा हातात घ्या, तेल पुसा आणि उन्हात तिरका धरून बघा. बहुतेकदा एका कडेला, किल्लीच्या खाचेच्या कोपऱ्यात किंवा जिथं व्यास बदलतो तिथं, भेगेचं मूळ सापडतं. तिथून आत झाडाच्या वाढकड्यांसारख्या बारीक वर्तुळाकार रेघा गेलेल्या असतात. हा भाग गुळगुळीत लागतो, कारण भेगेच्या दोन्ही बाजू महिनोन्महिने एकमेकींवर घासलेल्या असतात. उरलेला भाग खरखरीत, दाणेदार. तो शेवटच्या क्षणी एकदम तुटला. गुळगुळीत भाग मोठा आणि खरखरीत भाग लहान असेल, तर शाफ्टवर भार फार नव्हता, भेग मात्र फार दिवस वाढत होती असं समजायचं. उलट असेल तर भारच जास्त होता. मोडलेल्या पृष्ठभागावर एवढं लिहिलेलं असतं. म्हणून वर्कशॉपमधल्या पोरांना माझं एकच सांगणं असतं: तुटलेली दोन टोकं एकमेकांना जुळवून बघू नका, खुणा पुसल्या जातात.

हा फटीग. एका फटक्यात कधीच न तुटणारा भार लाखो वेळा आला की तुकडा तुटतो. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यात जर्मनीत ऑगस्ट व्योलर यांनी रेल्वेच्या आसांवर याचे पद्धतशीर प्रयोग केले. भार आणि फेऱ्यांची संख्या यांचा त्यांच्या नावाचा आलेख आजही एम.टेक.च्या पहिल्या सत्रात शिकवतात.

विद्यार्थी पुढं काय करतो? रासायनिक पृथक्करण, काठिण्य, सूक्ष्मदर्शकाखाली धातूची घडण, खाचेपाशी येणाऱ्या ताणाचं गणित. मग खरा प्रश्न: भेग इथंच का सुरू झाली? कोपऱ्याची गोलाई कमी होती का, धातूत ओतकामातली मळी (स्लॅग) अडकली होती का, उष्णता-प्रक्रिया चुकली होती का? आणि त्यातून पुढचा, ज्याला संशोधन म्हणता येईल असा: गोलाई, पृष्ठभागाची प्रक्रिया किंवा मिश्रधातू बदलला तर आयुष्य किती वाढेल, आणि हे आधीच कसं सांगता येईल? पहिला भाग म्हणजे तपासणी. दुसरा नसेल तर प्रबंध उभा राहत नाही.

कंपोझिट, थ्रीडी प्रिंटिंगनं केलेले धातूचे भाग, लेपनं, किर्लोस्करवाडीसारख्या पंपांच्या गावात शोभेल असा पोकळीकरणानं (पाण्यात बुडबुडे होऊन फुटण्यानं) झिजणाऱ्या इम्पेलरचा, म्हणजे पंपातल्या फिरत्या चाकाचा अभ्यास, हे सगळं याच शाखेत येतं.

आणि हालचालीचं संशोधन कसं चालतं?

मोठ्या लॅबमध्ये अंगावर परावर्तक खुणा चिकटवतात, इन्फ्रारेड कॅमेरे त्यांची जागा सेकंदाला १०० ते २०० वेळा टिपतात, जमिनीत बसवलेल्या फोर्स प्लेट पायाखालचा भार सेकंदाला हजार वेळा मोजतात. स्नायू कधी चालू-बंद होतो ते कातडीवरच्या इलेक्ट्रोडनं कळतं. या नोंदींवरून सांध्यांवरचे बल आणि मोमेंट उलट दिशेनं काढतात: हालचाल माहीत आहे, तिला कारण झालेलं बल शोधायचं.

यात एक गोष्ट विद्यार्थ्यांना उशिरा कळते, म्हणून आकड्यांसकट सांगतो. समजा गुडघ्यावरची खूण सेकंदाला एकदा, मध्यापासून १०० मिलिमीटर पुढं-मागं जाते. त्याच नोंदीत कॅमेऱ्यामुळं किंवा कातडीच्या हलण्यामुळं सेकंदाला १० वेळा होणारी फक्त १ मिलिमीटरची खोटी थरथर मिसळली आहे. पडद्यावर ही थरथर दिसतही नाही. पण बल काढायला प्रवेग लागतो आणि प्रवेग वारंवारतेच्या वर्गानं वाढतो. दोन्हींचा कमाल प्रवेग येतो सारखाच, सुमारे ३.९ मीटर प्रति सेकंद वर्ग. म्हणजे न दिसणारी थरथर खऱ्या हालचालीइतकं बल तुमच्या उत्तरात घालते. म्हणून आधी फिल्टर लावून ठरावीक वारंवारतेच्या वरची थरथर गाळतात. चालण्याच्या नोंदींना ६ हर्ट्झच्या आसपासचा फिल्टर सर्रास वापरतात. तोच उडी मारून जमिनीवर आदळण्याच्या नोंदीला लावला तर आदळण्याचं शिखरच बसतं आणि "इजा होण्याइतका भार नाही" असा निष्कर्ष निघतो. दुसऱ्याच्या पेपरमधला फिल्टरचा आकडा उचलण्याआधी ती हालचाल कोणती होती, हे वाचा.

हे दोन्ही धागे खरोखर एकत्र कुठं येतात?

कृत्रिम सांध्यात अगदी ठळकपणे. इंग्लंडमध्ये जॉन चार्नली यांनी खुब्याच्या वाटीसाठी आधी टेफ्लॉन वापरलं. घर्षण अत्यंत कमी, कागदावर उत्तम. रुग्णांच्या शरीरात ते काही वर्षांतच झिजलं आणि झिजलेल्या कणांनी भोवतालच्या पेशींना त्रास दिला. १९६२ पासून त्यांनी उच्च रेणुभाराचं पॉलिथिलीन घेतलं आणि शस्त्रक्रिया टिकायला लागली. घर्षण कमी म्हणजे झीज कमी असं नसतं, हा धडा त्या रुग्णांच्या खुब्यांतून मिळालेला आहे. आज अशा सांध्याची यंत्रावर चाचणी घेताना १० लाख फेऱ्या म्हणजे साधारण एका वर्षाचं चालणं असं धरतात.

दुसरी अडचण ताठरपणाची. आपल्या हाडाचा यंग्ज मोड्युलस (ताठरपणाचं माप) १५ ते २० गिगापास्कलच्या आसपास, टायटॅनियम मिश्रधातूचा सुमारे ११०, स्टेनलेस स्टीलचा २००च्या जवळ. हाडाच्या आत ताठ दांडा बसवला की भार दांडाच उचलतो, हाडाला काम उरत नाही, आणि वर सांगितल्याप्रमाणं काम नसलेलं हाड विरळ होत जातं. म्हणून आता सच्छिद्र, जाळीदार टायटॅनियम छापून त्याचा ताठरपणा हाडाजवळ आणायचे प्रयत्न चालू आहेत. पण जाळी विरळ केली की तिचं फटीगचं आयुष्य घटतं. हा पेच सुटलेला नाही आणि त्यात अजून बऱ्याच प्रबंधांना जागा आहे.

आपल्या देशातलं मला फार मोलाचं वाटणारं काम म्हणजे तिरुवनंतपुरमच्या श्री चित्रा संस्थेची हृदयाची झडप. आधीची मॉडेल बाद होत गेली, मटेरियल बदलत गेलं, आणि शेवटी कोबाल्ट मिश्रधातूची चौकट आणि पॉलिथिलीनची चकती असलेली झडप डिसेंबर १९९० मध्ये पहिल्यांदा रुग्णाला बसवली. जयपूर फूटही विसरू नका. १९६०च्या दशकाच्या अखेरीस रामचंद्र शर्मा हे कारागीर आणि डॉ. पी. के. सेठी यांनी तो घडवला, मांडी घालून बसणाऱ्या, अनवाणी शेतात जाणाऱ्या माणसाला डोळ्यांपुढं ठेवून.

सांगली-साताऱ्यात राहून असा विषय मिळेल का?

मिळेल, आणि माझं ठाम मत आहे की इथलेच विषय घ्यावेत. परदेशी पेपरमधला प्रश्न थोडा फिरवून घेतलात तर त्या लॅबशी तुमची बरोबरी होणार नाही. इथला प्रश्न घेतलात तर तो दुसऱ्या कुणी तुमच्याइतक्या जवळून पाहिलेला नसतो.

ऊसतोड घ्या. वाळवा, पलूस, कराडच्या फडात टोळी उतरते. कोयता चालतो तेव्हा कमर वाकलेली, तो एक भार. पण गाडी भरताना बघा. डोक्यावर चुंबळ, तिच्यावर मोळी, आणि ट्रॉलीला टेकवलेल्या अरुंद फळीवरून वर चढायचं. फळी पावलागणिक लवते आणि परत उसळते. चढणारी बाई फळीच्या उसळण्याशी आपलं पाऊल जुळवून घेते. मान ताठ, नजर समोर, एक हात मोळीला, दुसरा तोल सांभाळायला मोकळा. समजा तिचं वजन ५५ किलो आणि मोळी ३५ किलोची, तर गुडघ्यावरून जाणारा भार मोळीनं दीडपटीच्या पुढं नेला, तोही फळीच्या चढावर. मोळीचं वजन अंदाजानं लिहू नका, फडात वजनकाटा न्या.

इथं संशोधनाला खरी जागा आहे. वजन उचलण्यासाठी जगभर वापरलं जाणारं १९९१चं नायॉशचं (कामगारांच्या आरोग्यावर काम करणारी अमेरिकी संस्था) समीकरण आदर्श स्थितीत २३ किलोपासून सुरू होतं, पण ते दोन हातांनी उचलण्यासाठी आहे. डोक्यावरून वाहणं आणि शिडी चढणं त्याच्या कक्षेत येत नाही. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेची १९६७ची शिफारस प्रौढ पुरुषासाठी ५५ किलोची मर्यादा सांगते, चढणाऱ्या फळीबद्दल तीही काही सांगत नाही. म्हणजे हे काम मोजायला आधी पद्धतच बसवावी लागेल. आणि मटेरियलचा प्रश्न पायाखालीच आहे: फळी कशाची, किती लवावी, तिच्यावर पकड कशी असावी, चुंबळीत काय भरलं तर मानेवरचा दाब पसरेल?

तालमीचा प्रश्न तितकाच रंगतदार. कराडजवळच्या गोळेश्वरच्या खाशाबा जाधवांनी १९५२ साली हेलसिंकीत कांस्यपदक आणलं तेव्हापासून आपल्याकडं माती की मॅट हा वाद चालू आहे. वाद घालण्यापेक्षा मोजता येतो. ठरावीक उंचीवरून वजन सोडा, त्यात प्रवेगमापक बसवा, आणि आदळण्याचं शिखर बघा. माती नुकती उकरलेली असताना, तुडवून घट्ट झाल्यावर, ओल कमी-जास्त असताना. हौदातली माती रोज बदलते, आणि तिचा ओलावा आणि धक्का शोषण्याची ताकद यांचा आलेख काढणं हा एम.टेक.ला पुरून उरेल असा विषय आहे. वस्तादांना विचारून जा. कुठल्या दिवशी माती "लागते" हे त्यांना पायाला कळतं, आणि तुमच्या आकड्यांना जोखायला तेच माप लागेल.

साताऱ्यात २०१२ पासून हिल हाफ मॅरेथॉन होते, यवतेश्वरचा घाट चढून परत उतरायचा. चढ दमवतो, उतार गुडघ्याला लागतो. उतरताना मांडीचा पुढचा स्नायू लांबत लांबत ताण घेतो, आणि तिथंच त्याला जास्त इजा होते. नडगीवर बांधलेला छोटा सेन्सर, घाटाचा ठरावीक टप्पा, बुटांचे दोन-तीन प्रकार, एवढ्यावर नीट बांधलेला अभ्यास होतो. याच जिल्ह्यातल्या अदिती स्वामीनं २०२३ मध्ये बर्लिनला कंपाउंड तिरंदाजीचं जागतिक विजेतेपद मिळवलं. कंपाउंड धनुष्य म्हणजे कंपोझिटची पाती, विलक्षण आकाराच्या चकत्या आणि खांद्याचा सांधा, तिन्ही एकाच यंत्रात.

हालचालीपेक्षा मटेरियलच आवडत असेल तर वनकुसवडे, चाळकेवाडीच्या पठारावर जा. पवनचक्कीचं पातं प्रत्येक फेऱ्यात एकदा खाली लोंबतं, एकदा वर उभं राहतं, त्यामुळं स्वतःच्या वजनाचा ताण प्रत्येक फेऱ्याला उलटतो. मिनिटाला १५ फेरे धरले आणि वर्षातला निम्मा वेळच ते फिरलं, तरी सुमारे ३९ लाख फेऱ्या होतात. खुब्याच्या १० लाखांशी ताडून बघा. शिवाय पठारावरचा पाऊस आणि धूळ पात्याची पुढची कड खरवडत राहतात.

सांगलीच्या मार्केट यार्डातली हळदीची पोती आणि हमालांच्या पाठी यांवर तर वेगळं पान लिहावं लागेल.

आमच्या कॉलेजमध्ये मोशन कॅप्चर नाही, इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोप नाही. मग?

मायक्रोस्कोपसाठी कोल्हापुरात शिवाजी विद्यापीठात आणि आयआयटी मुंबईत "सैफ" ही उपकरण केंद्रं आहेत, बाहेरच्यांचे नमुने शुल्क घेऊन तपासतात. आधी नमुना आपल्याकडं नीट घासून-पॉलिश करून साध्या मायक्रोस्कोपखाली बघा. काय शोधतोय हे माहीत नसताना पाठवलेल्या नमुन्याचे सुंदर फोटो येतात आणि प्रबंधात नुसते चिकटवले जातात.

हालचालीसाठी फोनच्या कॅमेऱ्यापासून सुरुवात करता येते, पण त्याच्या मर्यादेत. ३० फ्रेमच्या व्हिडिओत दोन फ्रेममध्ये ३३ मिलिसेकंद जातात. धावताना टाच आदळण्याचा धक्का एवढ्यात येऊन जाऊ शकतो. सांध्याचे कोन मोजायला तो व्हिडिओ चालेल, धक्का मोजायला नाही. स्लो मोशनचे २४० फ्रेम घेतले तर बरंच काही जमतं. स्टॅनफर्डचं ओपनसिम मोफत आहे, त्यावर स्नायू-सांध्यांचं गणित घरच्या लॅपटॉपवर चालतं.

आणि मिरज विसरू नका. १८९४ मध्ये डॉ. वानलेस यांनी रुग्णालय सुरू केल्यापासून ते डॉक्टरांचं गाव आहे. अस्थिरोगतज्ज्ञ आणि फिजिओथेरपिस्ट रोज जे पाहतात ते तुम्हाला कुठल्याही पेपरात सापडणार नाही. कराडलाही वैद्यकीय शिक्षण आणि अभियांत्रिकी एकाच गावात आहे. तरी दोन्हीकडच्या मुलांची एकत्र बसून चर्चा क्वचितच होते, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

माणसांवर मोजमाप घ्यायला परवानगी लागते का?

लागते. आयसीएमआरची (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद) २०१७ची मार्गदर्शक तत्त्वं वाचा, संस्थेच्या नैतिकता समितीकडं प्रस्ताव द्या, आणि मंजुरी हातात आल्यावरच पहिली नोंद घ्या. नंतर मागितलेली मंजुरी मिळत नाही आणि घेतलेला डेटा वाया जातो.

कागदाच्या पलीकडचं सांगतो. फडातल्या बाईची संमती मुकादमाकडून घेऊ नका. तो "घ्या की साहेब" म्हणेल, तिला नाही म्हणता येणार नाही. मराठीत, वाचून दाखवून, मुकादम जवळ नसताना विचारा. टोळीची मजुरी टनावर असते, म्हणून तुम्ही थांबवलेला प्रत्येक अर्धा तास तिच्या कमाईतून जातो. त्या वेळेचे पैसे बजेटमध्ये धरा आणि प्रस्तावात तसं लिहा. चेहरे झाकल्याशिवाय व्हिडिओ लॅबबाहेर जाऊ देऊ नका. आणि निष्कर्ष निघाला की परत जाऊन त्यांना सांगा. पुढच्या हंगामात ती टोळी दुसरीकडं गेली असेल तरी शोधा.

गणित कच्चं आहे. जमेल का?

मॅट्रिक्स, डिफरन्शियल समीकरणं आणि संख्याशास्त्र, एवढं पक्कं करा. संख्याशास्त्राकडं मेकॅनिकलची मुलं दुर्लक्ष करतात. स्टीलच्या पाच नमुन्यांत फरक थोडा असतो, पाच माणसांत प्रचंड.

प्रवेश कसा मिळतो?

एम.टेक.साठी गेट ही प्रवेशपरीक्षा द्या. स्कोअर तीन वर्षं चालतो. या पट्ट्यातच पर्याय आहेत: सांगलीचं वालचंद १९४७ पासून, कराडचं शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय १९६० पासून, इस्लामपूरजवळ राजारामनगरचं आरआयटी. कुठला विषय कुठं चालतो ते माहितीपत्रकावरून ठरवू नका. तिथल्या प्राध्यापकांचे अलीकडचे प्रबंध शोधगंगा या प्रबंधांच्या संकेतस्थळावर उघडून बघा.

पीएच.डी.साठी यूजीसीचे २०२२चे नियम आहेत. पदव्युत्तर पदवीला ५५ टक्के, किंवा चार वर्षांच्या पदवीला ७५ टक्के, आरक्षित प्रवर्गांना सवलत. कमीत कमी तीन वर्षं, जास्तीत जास्त सहा, पुनर्नोंदणीनं आणखी दोन. सुरुवातीला कोर्सवर्क. विद्यापीठाचे स्वतःचे नियम याच्यावर असतात, ते वेगळे वाचा.

सर, पोरगं अजून पाच वर्षं शिकणार म्हणतंय. घरचा खर्च कसा भागायचा?

हा प्रश्न विचारणाऱ्या पालकांना कुणी हलकं उत्तर देऊ नये. गेट पात्र एम.टेक. विद्यार्थ्याला एआयसीटीई (तंत्रशिक्षण परिषद) दरमहा १२,४०० रुपये देते. पीएच.डी.ला जेआरएफ (कनिष्ठ संशोधन छात्रवृत्ती) मिळाली तर १ जानेवारी २०२३ पासून दरमहा ३७,००० रुपये आणि पुढं एसआरएफला (वरिष्ठ छात्रवृत्ती) ४२,००० रुपये, घरभाडं वेगळं. राज्याच्या सारथी, बार्टी, महाज्योती या संस्था आपापल्या प्रवर्गांतल्या संशोधकांना अधिछात्रवृत्ती देतात. रक्कम खात्यावर महिन्याच्या महिन्याला येईलच असं धरून चालू नका. पाच-सहा महिन्यांची तजवीज ठेवूनच नोंदणी करा. छात्रवृत्तीशिवाय पूर्णवेळ पीएच.डी. मी कुणालाही सुचवत नाही.

नोकरी सांभाळून पीएच.डी. होते का?

अर्धवेळ करता येते, मालकाचं ना-हरकत पत्र लागतं. कुपवाड किंवा मिरज एमआयडीसीत नोकरी असेल तर विषय कारखान्यातलाच घ्या: ओतकामातले दोष, टूलची झीज, असेंब्ली लाइनवरच्या माणसाच्या खांद्याचा भार. मात्र कंपनीची माहिती प्रबंधात छापता येईल, असं लेखी आधीच घ्या.

मुलीचं लग्नाचं वय आहे. मध्येच खंड पडला तर?

नियमांत सोय आहे. स्त्रियांना प्रबंधासाठी दोन वर्षं जादा मिळतात, आणि प्रसूती व बालसंगोपनासाठी २४० दिवसांपर्यंत रजा. ही रजा तिचा हक्क आहे, गाइडची मेहरबानी नाही. प्रवेशाच्या वेळीच याबद्दल मोकळेपणी बोला. गाइडनं कपाळाला आठ्या घातल्या तर दुसरा गाइड शोधा.

पेपर छापल्याशिवाय पीएच.डी. मिळत नाही ना?

२०२२च्या नियमांतून यूजीसीनं ती सक्ती काढली, पण विद्यापीठ स्वतःची अट ठेवू शकतं. मान्य नियतकालिकांची केअर यादीही २०२५ मध्ये बंद झाली, त्यामुळं पारख आता तुमच्यावर आहे. "पैसे भरा, आठवड्यात छापू" असा मेल आला की पुसून टाका. आपल्या विषयातले ज्यांचे पेपर तुम्ही खरोखर वाचले आणि वापरले, ते लोक कुठं छापतात ते बघा.

पुढं नोकरी कुठली?

अध्यापन तर आहेच. पुण्यात वाहन उद्योगाची संशोधन केंद्रं आणि एआरएआय ही वाहन चाचणी संस्था, पंप आणि फाउंड्री उद्योगात बिघाड-विश्लेषण, इम्प्लांट आणि पुनर्वसन उपकरणं बनवणाऱ्या कंपन्या. २०१७चे वैद्यकीय उपकरण नियम लागू झाल्यापासून चाचणी आणि कागदपत्रं समजणाऱ्या इंजिनिअरची तिथं गरज आहे. केवळ पगारासाठी पीएच.डी. करायची असेल तर तेवढ्या वर्षांत नोकरीतला पगार बहुधा पुढं गेलेला असेल, हे आधीच समजून घ्या.

गाइडला पहिला ई-मेल काय लिहू?

"मला संशोधनाची आवड आहे" हे लिहू नका, ते सगळेच लिहितात. त्यांचा एक पेपर वाचून त्यातला न कळलेला एक मुद्दा विचारा. मग तुम्ही स्वतः पाहिलेली एक गोष्ट चार ओळींत लिहा: कुठं, काय मोडलं किंवा काय दुखलं, तुम्ही काय मोजलं. आकडा एकच असला तरी चालेल, तो तुम्ही मोजलेला असावा आणि त्याच्यापुढं एकक असावं. शेवटी भेटायला कधी येऊ ते विचारा. आठ दिवसांत उत्तर आलं नाही तर विभागात जाऊन भेटा. आपल्याकडं बरीच कामं अजून समोरासमोर बसल्यावरच होतात. जाताना मोडलेला तुकडा किंवा व्हिडिओ सोबत न्या.